त्याच चाचण्या, निरनिराळे आकडे : निवडणूक चाचण्यांची संकेतस्थळे कशी वाचावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात चार संकेतस्थळे उघडली, तर एकावर एका उमेदवाराची तीन टक्क्यांची आघाडी दिसते, दुसऱ्यावर दोघे जवळजवळ बरोबरीत असतात, तिसऱ्यावर ‘जिंकण्याची शक्यता ७१ टक्के’ असे लिहिलेले असते आणि चौथ्यावर नुसता लाल-निळा नकाशा असतो, जनमत चाचण्या तर सगळीकडे त्याच, मग हा फरक येतो कुठून आणि विश्वास कोणावर ठेवायचा? चाचण्यांचे आकडे गोळा करणे, त्यांची सरासरी बसवणे आणि ती वाचकापुढे मांडणे हे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चाचणी आणि वाचक यांच्या मध्ये प्रत्येक संकेतस्थळ तीन निर्णय घेते : कोणत्या चाचण्या धरायच्या, त्या एकत्र कशा करायच्या आणि शेवटी पडद्यावर कोणता आकडा दाखवायचा. जवळजवळ सगळा फरक या तीन ठिकाणी पडतो. हे निर्णय जे स्थळ उघडपणे सांगते ते वापरावे. जे सांगत नाही त्याचा आकडा कितीही नेमका दिसला, तरी तो तपासता येत नाही.

त्यापूर्वी एक दुरुस्ती करायला हवी. चाचणीचा आकडा हा तराजूत घालून आणलेला कच्चा माल आहे असे आपण समजतो, पण तसे नसते. फोनवर किंवा ऑनलाइन उत्तरे देणारी माणसे एकूण मतदारांसारखी कधीच नसतात; ज्येष्ठ नागरिक जास्त बोलतात, तरुण कमी बोलतात, पदवीधर सवडीने उत्तरे देतात आणि बाकीचे पुष्कळ लोक फोन ठेवून देतात. म्हणून चाचणीसंस्था वय, लिंग, वंश, शिक्षण अशा निकषांवर उत्तरांना कमी-अधिक भार देते आणि प्रत्यक्ष मतदानाला कोण जाईल, याचाही अंदाज आपल्या पद्धतीने बांधते. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘अपशॉट’ विभागाने याचे फार बोलके प्रात्यक्षिक केले. सिएना कॉलेजबरोबर फ्लोरिडात घेतलेल्या चाचणीतील ८६७ मतदारांची मूळ उत्तरे त्यांनी चार अनुभवी चाचणीकारांच्या हाती दिली. त्यांचा स्वतःचा एक आणि या चौघांचे चार, असे पाच निष्कर्ष निघाले आणि ते हिलरी क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे इथपासून डोनाल्ड ट्रम्प एक टक्क्याने पुढे इथपर्यंत पसरलेले होते. माणसे तीच, उत्तरे तीच. पाच टक्क्यांचे अंतर पडले ते केवळ भार देण्याच्या आणि मतदार ठरवण्याच्या पद्धतीमुळे. मी नवीन सहकाऱ्यांना नेहमी हे उदाहरण आधी वाचायला देतो, कारण ते एकदा मनात बसले की दशांशचिन्हापुढच्या आकड्यावर वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

याला जोडूनच त्रुटीमर्यादेचा मुद्दा येतो. चाचणीचा आकडा खऱ्या आकड्यापासून किती दूर असू शकतो, हे ती सांगते, आणि हजार लोकांच्या चाचणीला अधिक-उणे सुमारे तीन टक्के अशी मर्यादा छापली जाते. ही मर्यादा एका उमेदवाराच्या टक्केवारीला लागू असते. दोघांमधल्या आघाडीला ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास लागते. बहुतेक तक्त्यांमध्ये मात्र ‘त्रुटीमर्यादा’ आणि ‘आघाडी’ हे रकाने एकाच ओळीत असतात आणि वाचक साहजिकच पहिला आकडा दुसऱ्याला लावतो. शिवाय ही मर्यादा फक्त नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाची असते. अमेरिकेतील निवडणूक चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी चूक सुमारे साडेतीन टक्के निघाली. छापलेल्या मर्यादेवरून जेवढी अपेक्षित असते त्याच्या जवळजवळ दुप्पट. संकेतस्थळाने हा दुसरा, खरा आकडा कुठे तरी सांगितला आहे का, हे मी सर्वांत आधी शोधतो.

आता प्रत्यक्ष स्थळांकडे येऊ. जॉन मॅकिन्टायर आणि टॉम बेव्हन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘रिअलक्लिअरपॉलिटिक्स’ची पद्धत सर्वांत सोपी आहे : अलीकडच्या काही चाचण्या घ्यायच्या, त्यांची साधी सरासरी काढायची आणि खाली प्रत्येक चाचणीची तारीख, नमुन्याचा आकार, नोंदणीकृत मतदार की संभाव्य मतदार (म्हणजे प्रत्यक्ष मतदानाला जातील असे वाटणारे) हे आणि आघाडी असा तक्ता द्यायचा. या तक्त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. वाचक कागद-पेन्सिल घेऊन ती सरासरी स्वतः पडताळू शकतो आणि इतकी पडताळणी कोणतेही गुंतागुंतीचे मॉडेल करू देत नाही. उणीव आहे ती निवडीच्या टप्प्यावर. कोणती संस्था सरासरीत घ्यायची आणि चाचणी किती जुनी झाली की बाहेर काढायची, हा निर्णय संपादकाच्या हातात राहतो आणि साध्या सरासरीत एखादी चाचणी आत आली किंवा बाहेर गेली की आकडा लगेच हलतो.

किती हलतो, हे छोट्या हिशेबाने पाहू. समजा एका उमेदवाराची आघाडी पाच चाचण्यांत अनुक्रमे ६, १, ४, उणे १ आणि ५ टक्के आली आहे. साधी सरासरी बरोबर ३ येते. आता ६ आणि ५ या एकाच संस्थेच्या लागोपाठच्या चाचण्या असतील आणि स्थळाचा नियम प्रत्येक संस्थेची फक्त ताजी चाचणी घेण्याचा असेल, तर ६ गळून सरासरी सव्वादोनवर येते. तिसऱ्या स्थळाने उणे १ ही चाचणी प्रतिस्पर्धी पक्षाने पैसे देऊन करवून घेतली म्हणून तीही वगळली, तर सरासरी ३.३ होते. तिन्ही स्थळे प्रामाणिक आहेत, तिघांचा हिशेब चोख आहे, आणि तरीही मथळे तीन निघतील.

‘फाइव्हथर्टीएट’ने याच्या उलट वाट धरली. नेट सिल्व्हर यांनी मार्च २००८ मध्ये सुरू केलेल्या या स्थळाचे नाव इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे अमेरिकेचा अध्यक्ष औपचारिकपणे निवडणाऱ्या मंडळातील ५३८ निर्वाचकांवरून घेतलेले होते. येथे जवळजवळ प्रत्येक चाचणी धरली जाई, पण सर्वांना सारखा मान नसे. संस्थेचा पूर्वीचा अचूकपणा, नमुन्याचा आकार आणि चाचणीचा ताजेपणा यांवर तिचा भार ठरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक संस्थेचा स्वतःचा झुकाव वजा केला जाई. एखादी संस्था इतरांच्या तुलनेत सातत्याने एका पक्षाला दोन टक्के जास्त दाखवत असेल, तर तिच्या नव्या चाचणीतून तेवढे कमी करूनच ती सरासरीत येई. त्यामुळे आठवड्यात कोणत्या संस्थांच्या चाचण्या आल्या एवढ्यावरून आलेख वरखाली होत नसे. खरोखर मत बदलले आहे की फक्त बोलणारी संस्था बदलली आहे, हा भेद साध्या सरासरीत हरवतो, आणि प्रचाराच्या बातम्यांतील अर्ध्याहून अधिक ‘उसळी’ आणि ‘घसरण’ याच गोंधळातून जन्माला येते, असे माझे अनुभवाचे मत आहे.

मग अशी भार देऊन काढलेली, म्हणजे भारित सरासरी साध्या सरासरीपेक्षा निकालाच्या जवळ जाते का? येथे थोडे थांबायला हवे, कारण या तुलनेत लोक सहज फसतात. २०१२ मध्ये बराक ओबामा देशभरातील मतांत ३.९ टक्क्यांनी जिंकले. रिअलक्लिअरपॉलिटिक्सची अखेरची सरासरी त्यांना ०.७ टक्के आघाडी देत होती, तर फाइव्हथर्टीएटचा अंदाज अडीच टक्क्यांचा होता आणि पन्नासही राज्यांचे विजेते त्याने बरोबर सांगितले होते. त्यावरून भारित पद्धत श्रेष्ठ ठरली. २०२० मध्ये जो बायडेन साडेचार टक्क्यांनी जिंकले. तेव्हा साधी सरासरी ७.२ आणि भारित सरासरी ८.४ होती. २०२४ मध्ये ट्रम्प दीड टक्क्याने पुढे राहिले, तेव्हा साध्या सरासरीत कमला हॅरिस ०.१ टक्क्याने आणि भारित सरासरीत सुमारे एक टक्क्याने पुढे होत्या. त्यावरून आता साधी पद्धत श्रेष्ठ ठरवली जाते. या तिन्ही वेळा एक गोष्ट समान आहे : रिअलक्लिअरपॉलिटिक्सचा आकडा रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाच्या बाजूला थोडा अधिक झुकलेला होता. ज्या वर्षी सगळ्या चाचण्या मिळून डेमोक्रॅट उमेदवाराला कमी लेखत होत्या त्या वर्षी हा झुकाव नडला आणि ज्या वर्षी त्या जास्त लेखत होत्या त्या वर्षी तो फळला. दोन पद्धतींमधला फरक एक ते दोन टक्क्यांचा, आणि २०२० व २०२४ मध्ये दोहोंमध्ये सामाईक असलेली चूक त्याहून मोठी. २०२० च्या चाचण्यांची चिकित्सा अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने केली, तेव्हा राष्ट्रीय चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतील सर्वाधिक असल्याचे तिला आढळले. सर्व संस्थांकडे एकाच प्रकारचे मतदार उत्तरे द्यायला येत नसतील, तर कितीही चाचण्यांची कशीही सरासरी काढली तरी ते मतदार त्यात अवतरत नाहीत.

आलेखाबद्दल दोन गोष्टी सांगतो. मार्क ब्लुमेन्थाल आणि चार्ल्स फ्रँकलिन यांच्या ‘पोल्स्टर’ या स्थळाने एक चांगला पायंडा पाडला होता : प्रत्येक चाचणी हा एक ठिपका आणि त्या ठिपक्यांच्या गर्दीतून जाणारी कलाची रेषा. ठिपके डोळ्यांसमोर राहिल्यामुळे चाचण्या किती विखुरलेल्या आहेत हे न सांगताच कळते. नुसती रेषा दाखवणारा आलेख हा विखुरलेपणा पुसून टाकतो. त्यातच उभा अक्ष शून्याऐवजी ४० ते ५० टक्क्यांदरम्यान ताणला, की अर्ध्या टक्क्याची हालचाल डोंगरासारखी उभी राहते. रेषेचे शेवटचे टोक सर्वांत कमी विश्वासार्ह असते, कारण त्याच्या पुढे आधाराला चाचण्या नसतात. आणि वाचक नेमका तिथेच पाहतो. दुसरी गोष्ट अनिश्चित मतदारांची. ४७ विरुद्ध ४४ आणि ५१ विरुद्ध ४८ या दोन्ही आघाड्या तीनच टक्क्यांच्या, पण पहिल्या स्थितीत नऊ टक्के मतदार अजून कोणाच्याच खात्यात नाहीत. २०१६ मध्ये काही निर्णायक, म्हणजे कोणाकडेही झुकू शकणाऱ्या राज्यांत शेवटच्या आठवड्यात मत ठरवणारे मतदार मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे गेले. ज्या स्थळांनी केवळ आघाडी दाखवली होती, त्यांच्या वाचकांना ही मोकळी जागा दिसलीच नव्हती.

नकाशाचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या बेरजेने. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यातील विजेत्याला तिथले सगळे निर्वाचक मिळतात आणि २७० ला बहुमत होते. ‘इलेक्टोरल-व्होट’ हे स्थळ ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी २००४ मध्ये सुरू केले. तिथे राज्यागणिक ताज्या चाचण्यांवरून नकाशा रंगवला जातो, आघाडी जितकी मोठी तितकी छटा गडद असते आणि मूळ आकडे उतरवून घेता येतात. छटांची ही सोय महत्त्वाची आहे. याउलट ‘अनिश्चित राज्ये नकोत’ असा पर्याय निवडून केलेला दोनरंगी नकाशा पाव टक्क्याच्या आघाडीवरचे राज्य आणि वीस टक्क्यांच्या आघाडीवरचे राज्य एकाच रंगात बुडवतो. त्यातून निघणारी बेरीज, उदाहरणार्थ ३१२ विरुद्ध २२६, कोणी मोजून आणल्यासारखी ठाम दिसते. खऱ्या भूगोलाचा नकाशा आणखी एक दिशाभूल करतो. मोन्टाना क्षेत्रफळाने न्यू जर्सीच्या पंधरा पटींहून मोठे आहे, पण आज त्याला ४ निर्वाचक आहेत आणि न्यू जर्सीला १४. म्हणून प्रत्येक निर्वाचकासाठी एक सारखा षटकोन किंवा चौकोन काढलेला नकाशा मला अधिक प्रामाणिक वाटतो, जरी तो दिसायला ओबडधोबड असला तरी.

सर्वांत अवघड भाग संभाव्यतेचा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानाच्या आदल्या रात्री क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता फाइव्हथर्टीएट सुमारे ७१ टक्के सांगत होते, अपशॉट ८५, हफिंग्टन पोस्ट ९८ आणि सॅम वांग यांचे प्रिन्स्टन येथील स्थळ ९९ टक्के. चाचण्या सर्वांसमोर त्याच होत्या, सरासरीतही फारसा फरक नव्हता. इतके अंतर पडले त्याचे मुख्य कारण एकच : एका राज्यातील चूक आणि शेजारच्या राज्यातील चूक एकमेकींबरोबर सरकतात हे प्रत्येकाने किती मानले. हे उदाहरणाने स्पष्ट होते. समजा तीन राज्यांपैकी प्रत्येकात मागे असलेला उमेदवार जिंकण्याची शक्यता २० टक्के आहे. तिन्ही राज्ये स्वतंत्र मानली, तर तिन्ही त्याला मिळण्याची शक्यता हजारात आठ, म्हणजे एक टक्क्याहून कमी होते. पण एका राज्यात चाचण्यांनी त्याला कमी लेखले असेल तेव्हा बाकीच्या दोन्हींत बहुधा तेच झाले असेल असे मानले, तर ही शक्यता दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत तेच घडले. तिन्ही एकदम ट्रम्प यांच्याकडे फिरली, प्रत्येकात अंतर एक टक्क्याहून कमी होते आणि तिघांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांनी ४६ निर्वाचक ठरले. राज्यांची लोकसंख्या, शिक्षण आणि उद्योग सारखे असतील, तर त्यांच्या चाचण्यांतील उणिवाही सारख्याच असणार. पदवी नसलेल्या मतदारांना पुरेसा भार न देणे ही त्या वर्षीची उणीव अनेक राज्यांच्या चाचण्यांत होती. ९९ टक्के हा आकडा चाचण्यांमधून आला नव्हता. चुका एकमेकींना छेद देऊन नाहीशा होतील या गृहीतकातून तो आला होता. असे गृहीतक पानाच्या तळाशी असलेल्या पद्धतीच्या लेखात राहते आणि आकडा मात्र मथळ्यात जातो, याचे मला आजही वाईट वाटते.

शिवाय, संभाव्यता आणि मतांची टक्केवारी हे दोन्ही आकडे टक्क्यांतच लिहिले जातात. ‘७१ टक्के’ वाचून कित्येकांना ७१ टक्के मते मिळणार असे वाटते आणि बाकीच्यांना विजय नक्की वाटतो. बावन्न-अठ्ठेचाळीस अशी लढत आणि ८५ टक्के संभाव्यता एकाच परिस्थितीचे वर्णन करत असू शकतात, पण दुसऱ्या आकड्याने वाचक फार निश्चिंत होतो. २०२० मध्ये फाइव्हथर्टीएटने मांडणी बदलली आणि टक्क्यांऐवजी ‘शंभरपैकी ८९ वेळा’ अशी भाषा आणली; सोबत सुट्या निकालांचे लहान लहान गोळे काढले, ज्यांत हरण्याचे निकालही डोळ्यांनी दिसत. ही सुधारणा खरी होती. दहापैकी तीन वेळा घडणारी गोष्ट घडते, हे समजावण्यासाठी तीन गोळे वेगळ्या रंगात दाखवण्याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

तरीही एकच मांडणी निवडायची झाली, तर मी न्यूयॉर्क टाइम्सने २०२४ मध्ये वापरलेला साधा तक्ता निवडेन. त्यात निर्णायक राज्यांतील सध्याची सरासरी होती आणि तिच्या शेजारी, चाचण्या मागच्या निवडणुकांत जितक्या आणि ज्या बाजूला चुकल्या होत्या तितक्याच पुन्हा चुकल्या तर आकडा काय होईल, हे लिहिलेले होते. या तक्त्याला सांख्यिकीचे ज्ञान लागत नाही, खोटा नेमकेपणा त्यात नाही आणि वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळते की आजची आघाडी नेहमीच्या चुकीपेक्षा मोठी आहे की लहान. त्याच वृत्तपत्राने २०१८ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांतील चाचण्या चालू असतानाच वाचकांना दाखवल्या होत्या. एकेका फोनने आकडा कसा हलतो आणि एका उत्तरासाठी किती फोन वाया जातात, हे त्यात दिसत होते. मतदानाच्या रात्री डावी-उजवीकडे थरथरणारी त्यांची सुई मात्र मी वाचकांना टाळायला सांगतो. ती मोजणीचा अंदाज दाखवते, चाचण्यांचा नव्हे, आणि २०१६ मध्ये तिच्या थरथरीतील काही हालचाल अनिश्चितता दाखवण्यासाठी मुद्दाम घातलेली होती.

माझा स्वतःचा वाचनाचा क्रम असा असतो. आधी चाचण्यांची कच्ची यादी उघडतो आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत खरोखर किती निरनिराळ्या संस्थांनी चाचण्या घेतल्या हे मोजतो; सहा चाचण्यांपैकी चार एकाच संस्थेच्या असतील, तर सरासरीला सहा चाचण्यांचे बळ नसते. मग संभाव्य मतदार आणि नोंदणीकृत मतदार यांची सरमिसळ झाली आहे का ते पाहतो. एकटीच वेगळी पडलेली चाचणी मी फेकून देत नाही आणि डोक्यावरही घेत नाही. २०२४ मध्ये आयोवातील एका नामवंत चाचणीने हॅरिस यांना तीन टक्क्यांनी पुढे दाखवले आणि ट्रम्प तिथे तेरा टक्क्यांनी जिंकले. तरीही ती चाचणी दडपून न ठेवता प्रसिद्ध केली गेली हे योग्यच होते, कारण चाचणीसंस्था इतरांशी जुळणारेच आकडे छापू लागल्या, तर सगळ्या सरासऱ्या सुबक दिसतील आणि सगळ्या एकदम चुकतील. त्यानंतर साधी आणि भारित अशा दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवतो. दोहोंत दोन टक्क्यांहून अधिक अंतर असेल, तर ते कोणत्या चाचणीमुळे पडले हे शोधल्याशिवाय पुढे जात नाही. संभाव्यतेचा आकडा सर्वांत शेवटी पाहतो, आणि तोही पूर्णांकात.

आणखी एक काम प्रत्येक वाचकाने स्वतः करावे असे मी आग्रहाने सुचवेन. मतदानाच्या आदल्या दिवशी ज्या स्थळांवर आपला विश्वास आहे, त्यांची पाने आपल्या संगणकावर साठवून ठेवावीत. इलेक्टोरल-व्होटवर जुन्या वर्षांचे नकाशे दिवसागणिक पाहता येतात, पण सर्वत्र अशी सोय राहत नाही. फाइव्हथर्टीएट मार्च २०२५ मध्ये त्याची मालक असलेल्या एबीसी न्यूजने बंदच केले. स्थळाची पारख एका निवडणुकीत होत नाही. ज्या ज्या राज्यांत त्याने ‘सत्तर टक्के’ म्हटले होते त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के राज्यांत तसे घडले का, हे अनेक निवडणुकांची नोंद हाती असेल तरच तपासता येते, आणि ती नोंद आपल्याकडे असली म्हणजे त्या स्थळाने नंतर स्वतःबद्दल काय लिहिले यावर अवलंबून राहावे लागत नाही.